शाईतलं तूप

चि. निखिल यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तू छापलेली बालवाडीची वही मिळाली. रंग जागच्या जागी बसलेत, कापणीही नेटकी. शेजारच्या छोटीला गिरवायला दिली, तर गुळगुळीत आर्ट पेपरवर पेन्सिल उमटेना. तिने पेन्सिल जिभेला लावून पाहिली आणि वही मिटून ठेवली.

म्हणून आज गणपत कृष्णाजींबद्दल लिहितो. ते आपल्या घराण्यातले नव्हेत, पण मराठी छपाईवर पोट भरणाऱ्या प्रत्येकाचे पूर्वजच. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातली पुस्तकं पाहून आपले ग्रंथही असे छापावेत, हे त्यांच्या मनाने घेतलं. घरीच लाकडी यंत्र तयार केलं, दगडाचे तुकडे जमवून त्यांवर छापून पाहिलं, शाईही स्वतःच बनवली. 1831 साली त्यांच्या शिळाछापावर पंचांग निघालं.

शिळाछापाची सगळी मदार स्निग्धपणावर असते. दगडावर तेलकट शाईने लिहायचं, मग दगड ओला करायचा. अक्षरांवर पाणी ठरत नाही, म्हणून रूळ फिरवला की शाई तेवढ्याच जागी धरते. शाईत चरबी असायची ती यासाठी. पण पंचांग जाणार देवघरात. चरबीचा कागद सोवळ्यात कोण शिवणार? गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातलं.

मला त्यांचं मोठेपण लाकडी यंत्रापेक्षा या तुपात जास्त दिसतं. आंघोळ करून पाटावर बसलेला माणूस त्यांनी शाई घोटतानाच डोळ्यांपुढे ठेवला होता.

मला हे फार उशिरा कळलं. एका भजनी मंडळासाठी हरिपाठ छापला होता. कागद वाचावा म्हणून बारीक टाइप लावला. वर्षाने त्या देवळात गेलो, तर प्रतींचा गठ्ठा सुतळीसकट कपाटात पडलेला. म्हाताऱ्या बायकांना समईच्या उजेडात ओळ लागत नव्हती, आणि मला वाईट वाटेल म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. पदरचे पैसे घालून मोठ्या टाइपात पुन्हा छापून दिला, तरी तो गठ्ठा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

वहीची पुढची आवृत्ती मशिनवर चढवू नकोस. रविवारी ये. येताना 70 आणि 80 जीएसएम मॅपलिथोचे दोन-दोन ताव आण. छोटीला बोलावून ठेवतो. तिची पेन्सिल कशावर चालते ते पाहू.

तुझा,
मामा