एकच कागद, अनेक हात : सामायिक लेखनसाधनाचा प्रथम परिचय

केंद्रातील आठ-दहा शाळांनी मिळून परिसराची माहितीपुस्तिका तयार करावयाचे ठरले, म्हणजे बहुधा एकच प्रकार घडतो. एक शिक्षक मजकूर लिहितो. तो व्हॉट्सॲपवरून दुसऱ्याकडे जातो. दुसरा त्यात भर घालून तिसऱ्याकडे पाठवितो. आणि महिनाअखेरीस केंद्रप्रमुखांच्या संगणकात ‘अंतिम’, ‘अंतिम २’ व ‘खरी अंतिम’ अशा तीन फाइली जमा होतात. त्यांतील एकही दुसरीशी जुळत नाही. सामायिक लेखनसाधनात फाइल पाठविण्याचाच प्रश्न उरत नाही. कागद एकच असतो व प्रत्येक शिक्षक आपापल्या शाळेतून तोच उघडतो. गूगल डॉक्स हे या प्रकारातील विशेष प्रचारात असलेले साधन २००६ साली पुढे आले. कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकन संशोधकाने सॅन फ्रान्सिस्को येथील सभेत, दूर अंतरावरील सहकाऱ्यासह एकाच पडद्यावरील मजकुरावर काम करून दाखविले होते.

हे साधन प्रथमच हाती घेणाऱ्या शिक्षकाच्या मनात दोन भावना जवळजवळ एकदमच उद्भवतात. पहिली संकोचाची. पडद्यावर सहकाऱ्यांच्या नावांच्या रंगीत खुणा हलत असतात आणि आपण लिहीत असलेले प्रत्येक अक्षर, चुकलेले ऱ्हस्व-दीर्घसुद्धा, ते त्याच क्षणी पाहत असतात. वर्गात फळ्यावर रोज लिहिणाऱ्या शिक्षकासही सहशिक्षकांपुढे असे लिहिणे अवघड वाटते. यात लाजण्यासारखे काही नाही. ज्यांना ते फारच जड जाईल त्यांनी आपला परिच्छेद प्रथम वहीत लिहावा व मग उतरवून काढावा. दुसरी भावना भीतीची : आपल्या बोटाने दुसऱ्याचा मजकूर पुसला गेला तर? ही भीती निराधार नाही, परंतु तिच्यावर उपाय साधनातच आहे. केलेली कृती परत फिरविण्याची खूण दाबली असता केवळ स्वतःचाच बदल मागे जातो, इतरांचा नव्हे. शिवाय कागदाच्या पूर्वीच्या आवृत्त्यांची नोंद राहते. कोणी, केव्हा, काय बदलले ते तीत दिसते व जुनी आवृत्ती परत आणता येते. ही नोंद भ्रमणध्वनीपेक्षा संगणकावर पाहणे सोयीचे.

एकाच वेळी अनेकांनी लिहूनही गोंधळ कसा होत नाही, हे फळ्यावरील एका वाक्याने समजून घेता येईल. ‘गावाच्या दक्षिणेस मोठी नीरा वाहते’ असे पाच शब्दांचे वाक्य आहे असे समजू. एका शिक्षकाने आरंभी ‘आमच्या’ हा शब्द घातला. त्याच क्षणी दुसऱ्याने ‘तिसरा शब्द काढा’ अशी आज्ञा दिली. त्याच्या मनात ‘मोठी’ हा शब्द आहे. परंतु आरंभी एक शब्द वाढल्याने तिसरा शब्द आता ‘दक्षिणेस’ हा झाला. आज्ञा जशीच्या तशी पाळली तर ‘दक्षिणेस’ जाईल व ‘मोठी’ राहील. म्हणून यंत्र आधी झालेली भर मोजते आणि ‘तिसरा’ याचा ‘चौथा’ असा पालट करून मगच आज्ञा पाळते. प्रत्यक्षात शब्दांऐवजी अक्षरचिन्हे मोजली जातात, एवढाच फरक. ही रीत १९८९ साली एलिस व गिब्ज या दोन संशोधकांनी मांडली. अर्थात यंत्र स्थाने मोजते, अर्थ जाणत नाही. दोघांनी एकाच जागी दोन वाक्ये घुसविली तर दोन्ही राहतात आणि वाचणाऱ्याची त्रेधा उडते. यासाठी प्रत्येकाने आपला परिच्छेद आधीच ठरवून घेतलेला बरा.

खरी अडचण यंत्राची नसून दुरुस्तीची आहे. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या शाळा मिळून परिसराविषयी लिहीत आहेत असे समजू. नीरा डाव्या कालव्याच्या काठचा शिक्षक लिहितो, ‘बारामती तालुका बागायती आहे.’ त्याच्या शाळेच्या खिडकीतून ऊसच दिसतो. त्याचे काय चुकले? परंतु सुप्याकडील जिरायती पट्ट्यातील शिक्षिकेस ते वाक्य वाचवत नाही. तिच्या शाळेतील मुले उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत असतात. आता या बाईंनी ते वाक्य पुसून आपले लिहावे काय? तसे केल्यास कालव्याकाठचे खरे नाहीसे होईल. न पुसावे तर सुप्याच्या मुलांना आपल्याच तालुक्याच्या पुस्तिकेत आपले गाव सापडणार नाही. तीच गोष्ट पळसदेवची. उजनी धरणाच्या जलाशयात जुने पळसदेव गाव गेले. एक शिक्षक लिहितो, ‘पळसनाथाचे मंदिर पाण्याखाली आहे’; दुसरा लिहितो, ‘मंदिर पाहावयास लोक जातात.’ बाहेरून पाहणारा यांतील एक वाक्य चुकीचे समजून खोडून टाकील. वस्तुतः दोन्ही खरी आहेत. जलाशय भरलेला असता मंदिर बुडते. पाणी पुष्कळ उतरले म्हणजे ते उघडे पडते. कोणत्या दिवसांत काय दिसते एवढेच लिहावयाचे राहिलेले असते.

अशा प्रसंगासाठी या साधनात सुचविण्याची वेगळी रीत आहे. ती चालू केली असता खोडलेला शब्द नाहीसा होत नाही. त्यावर रेघ येते, नवा शब्द वेगळ्या रंगात शेजारी दिसतो आणि समासात सुचविणाऱ्याचे नाव राहते. मूळ लेखक ती सूचना स्वीकारतो, नाकारतो अथवा खाली उत्तर लिहितो. दुसऱ्याच्या परिच्छेदात थेट हात न घालता केवळ सुचवावे, असा दंडक प्रत्येक केंद्राने पाळावा. मुख्याध्यापकांनी व केंद्रप्रमुखांनी तर तो कटाक्षाने पाळणे अवश्य आहे. वरिष्ठाने परस्पर खोडलेले वाक्य पुन्हा लिहिण्याचे धैर्य नव्या शिक्षण सेवकास सहसा होत नाही. ‘गुरुजींनीच काढले, तेव्हा चुकलेच असेल’ असे म्हणून तो गप्प बसतो, आणि द्विशिक्षकी शाळेच्या वस्तीवरची जी माहिती त्याच्याखेरीज कोणाजवळ नव्हती ती तेथेच संपते.

पाठभेदांचा हा प्रश्न मराठीस नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रतींत जागोजागी फरक पडल्याने एकनाथांना शके १५०६, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. कोणता शब्द कोणी व केव्हा घातला, हे सांगणारी नोंद त्यांच्यापुढे नव्हती.

आता काही व्यावहारिक गोष्टी. जुन्या संगणकांवर युनिकोडपूर्व पद्धतीच्या टंकांत लिहिलेला मजकूर या कागदात आणून चिकटविला असता निरर्थक चिन्हांची रांगोळी उमटते. तो दोष साधनाचा नव्हे. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा किंवा नव्याने लिहावा. भ्रमणध्वनीवर बोलून लिहिण्याची सोय मराठीतही आहे व ती वेळ पुष्कळ वाचविते. मात्र विरामचिन्हे आणि गावांची नावे हाताने तपासावीत. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ्य कळफलकावर न सापडल्याने ‘दुसर्या’ असे लिहिलेले अनेक ठिकाणी आढळते. शिक्षकाच्या लेखनात ते खपवून घेऊ नये.

नावासंबंधीही सावध असावे. कित्येकांचे खाते घरातील मुलाने उघडून दिलेले असते व त्यावर भलतेच नाव असते. सूचना मग त्या नावाने उमटते आणि समोरच्यास उत्तर कोणास द्यावे ते कळत नाही. खात्यात प्रवेश न करता केवळ दुव्यावरून आलेल्यास तर हे साधन एखाद्या अनामिक प्राण्याचे नाव देते. प्रथम दर्शनी ते गमतीचे वाटते; परंतु ज्या कागदावर अनामिक प्राणी वावरू शकतात तो कागद कोणासही खुला आहे, हा त्याचा अर्थ होय. विद्यार्थ्यांची नावे, आधार क्रमांक, पालकांचे दूरध्वनी असला मजकूर तेथे चुकूनही लिहू नये. अधिकार देतानाही तारतम्य हवे : काहींनी केवळ पाहावे, काहींनी अभिप्राय द्यावा, लिहिणाऱ्यांनीच लिहावे.

सरावासाठी सुपे व भिगवण या भागांतील एकेका शिक्षकाने एकाच कागदावर ‘मे महिन्यातील आमच्या गावचे पाणी’ या विषयावर पाच-पाच ओळी लिहाव्यात. नंतर एकमेकांच्या ओळींत सुचविण्याच्या रीतीनेच किमान दोन प्रश्न विचारावेत : पाणी कोठून येते, किती दिवसांनी येते, ते कोण भरते? उत्तरे आल्यावर आवृत्त्यांची नोंद उघडून पहिली व शेवटची प्रत शेजारी शेजारी वाचावी. दोन्ही छापून घेऊन पुढील शिक्षण परिषदेस सोबत आणाव्यात. सभागृहात जोडणी मिळेलच असे नाही.