मामाशी भांडण्याआधी

अगं, परवा जेवणाच्या पानावर मामाशी तुझी जी जुंपली, त्याची साग्रसंगीत हकीकत आईने मला फोनवर सांगितली. आवाज चढवलास म्हणे. चढव बापडी, आपल्या घरात त्याशिवाय कोणी ऐकत नाही. मला लागलं ते वेगळंच. तुझे मुद्दे कच्चे होते. मामाचेही कच्चेच होते, पण त्याला साठी उलटल्यावर चालून जातं. तू इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, तुला नाही चालायचं.

मामा काय म्हणाला? त्याच्या खिशातला फोन अपोलोच्या कॉम्प्युटरच्या लाखपट ताकदीचा. मग ही यानं अजून जुनाट चिपा घेऊन का उडतात? एखादा बरा फोन बसवून दिला पाठवून तर काय बिघडेल? यावर तू म्हणालीस, ‘तुला यातलं काही कळत नाही.’ हे उत्तर झालं का गं? त्याचा प्रश्न चांगला होता. माझ्यासमोर विचारला असता तर मी त्याला आणखी एक पोळी वाढली असती.

आधी त्याचं खरं आहे तेवढं खरं म्हण. अपोलोचा कॉम्प्युटर साधारण ३२ किलोचा, त्याचं घड्याळ २ मेगाहर्ट्झचं, आणि चालू कामासाठी स्मृती किती, तर २,०४८ शब्द. कायमची स्मृती छत्तीस हजार शब्दांच्या आसपास, आणि ती चक्क हाताने ओवलेली. तार चुंबकी कडीतून गेली की एक, कडीच्या बाहेरून गेली की शून्य. बॉस्टनजवळच्या वॉल्थॅम गावात रेथिऑनच्या कारखान्यात बायका बसून हे ओवत. एकदा ओवलं की प्रोग्रॅम बदलायची सोय नाही. त्या बायकांची नावं कुठल्या पाटीवर दिसत नाहीत, याचा मला राग येतो, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

आता २० जुलै १९६९ चा दिवस घे. यान चंद्रावर उतरतंय, आणि पडद्यावर १२०२ क्रमांकाची धोक्याची सूचना. उतरताना ज्या रडारची गरजच नव्हती, ते कॉम्प्युटरचा वेळ खात होतं, आणि कामं तुंबली होती. त्या बारक्या कॉम्प्युटरने काय केलं? बिनमहत्त्वाची कामं टाकून दिली, स्वतःला पुन्हा सुरू केलं आणि इंजिन व दिशा सांभाळण्याचं काम जिथल्या तिथे पुढे चालू ठेवलं. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, हे ठरवणारी रचना हॅल लॅनिंग यांची. यानावरच्या प्रोग्रॅमची जबाबदारी मार्गारेट हॅमिल्टन यांच्या चमूकडे. तुझ्या फोनलाही ताण आला की तो मागची अ‍ॅपं बंद करतो, तेव्हा युक्ती काही आज परकी राहिलेली नाही. पण फोनने चुकीचं अ‍ॅप बंद केलं तर तुझं गाणं थांबतं. तिथे चुकीचं काम बंद पडलं असतं तर दोन माणसं गेली असती.

म्हणून मामाने ‘कोण किती वेगवान’ असं विचारलं की तू त्याला उलटा प्रश्न टाक. हे बिघडलं तर काय होईल, आणि दुरुस्त करायला कोण जाणार? माझ्या कामात मी हाच प्रश्न रोज विचारते. आमच्याकडे सर्किट बोर्ड थंड-गरम चेंबरमध्ये घालून तासन्‌तास छळतात. कारखान्यातल्या यंत्रात बसणारा बोर्ड आणि खेळण्यात बसणारा बोर्ड यांचा छळ सारखा नसतो. चिप तीच असली तरी.

अवकाशात छळणारी मुख्य गोष्ट म्हणजे किरणोत्सार. सूर्याकडून आणि त्याहूनही दूरवरून विद्युतभारित कण येत असतात. असा एखादा कण चिपमधून गेला की स्मृतीतला एखादा बिट उलटू शकतो. शून्याचा एक, एकाचा शून्य. जितका ट्रान्झिस्टर बारीक, तितका त्यातला विद्युतभार कमी, आणि साधारणपणे तो उलटवणं तितकं सोपं. मामाच्या फोनमधली चिप नवी आणि वेगवान आहे ती ट्रान्झिस्टर बारीक झाल्यामुळेच. म्हणजे ज्याची तो फुशारकी मारतोय तीच तिची वर गेल्यावरची दुबळी बाजू.

जमिनीवर आपल्याला वातावरण आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सांभाळून घेतं. तरीही २००३ साली बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सजवळच्या स्कारबीक इथे निवडणुकीत एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्तीची पडली. मिळूच शकणार नाहीत इतकी मतं दिसली म्हणून गफलत पकडली गेली. ४,०९६ म्हणजे दोनचा बारावा घात. त्या जागचा एक बिट उलटला की बरोबर एवढीच भर पडते. अवकाशातून आलेल्या कणाने हे केलं असं सिद्ध कोणी केलेलं नाही, पण तपासात प्रोग्रॅमचा दोष सापडला नाही आणि दुसरं पटेलसं कारणही कुणी दिलेलं नाही. ही गोष्ट मामाला जरूर सांग. निवडणुकीच्या गोष्टीला तो कान देतोच.

आता मंगळावरची क्युरिऑसिटी गाडी बघ. तिच्या पोटात आरएडी७५० नावाची चिप आहे, १९९८ च्या सुमाराच्या रंगीबेरंगी आयमॅकमध्ये जी होती त्याच घराण्यातली, फक्त किरणोत्सार सोसेल अशी घडवलेली. वेग २०० मेगाहर्ट्झपर्यंत, रॅम २५६ एमबी. आजचा स्वस्तातला फोनसुद्धा तिला हसेल. पण असे कॉम्प्युटर त्या गाडीत दोन आहेत, एक चालता आणि एक राखीव. २०१३ च्या फेब्रुवारीत, मंगळावर उतरून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा चालत्या कॉम्प्युटरच्या स्मृतीने दगा दिला. दुसऱ्यावर काम वळवलं आणि गाडी पुढे चालू लागली. पर्सिव्हिअरन्स २०२१ मध्ये उतरली, तीसुद्धा त्याच चिपवर.

इथे तू खूश होशील, पण थांब. मामाकडे एक हुकमाचा पत्ता आहे. त्याला तो माहीत नसला तर तूच दे, माझं ऐक. पर्सिव्हिअरन्सच्या पोटाखाली बांधून एक हेलिकॉप्टर गेलं होतं, इंजेन्युइटी, वजन १.८ किलो. त्यात चक्क फोनची चिप होती. स्नॅपड्रॅगन ८०१, २०१४ च्या आगेमागे फोनमध्ये असायची तीच. वर लिनक्स. ठरवलेली उड्डाणं ५, झाली ७२. पहिलं १९ एप्रिल २०२१ ला, शेवटचं १८ जानेवारी २०२४ ला. आणि शेवटी तुटलं काय, तर पातं. चिप नव्हे.

मग फोनची चिप चालते की! चालते, पण कुठे ते बघ. हेलिकॉप्टरला कॅमेऱ्याची चित्रं सेकंदाला कितीतरी वेळा वाचून आपण कुठे चाललोय ते उडता उडताच ठरवायचं होतं. ते त्या सोशिक, मंद चिपला झेपलं नसतं. शिवाय तो प्रयोग होता. हेलिकॉप्टर पहिल्याच दिवशी आपटलं असतं तरी गाडीचं काम थांबलं नसतं. आणि तरीसुद्धा त्या फोनच्या चिपवर नजर ठेवायला किरणोत्सार सोसणारं वेगळं सर्किट बसवलं होतंच. एकाच यानातून एकाच ग्रहावर दोन निरनिराळ्या चिपा गेल्या, त्या ‘बिघडलं तर काय होईल’ या एका प्रश्नाच्या दोन उत्तरांमुळे. मला तर अख्ख्या मोहिमेत हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते, पण मी बोर्डवाली बाई, माझं काय घेऊन बसलीस.

आता ‘दुरुस्त करायला कोण जाणार’ हा दुसरा प्रश्न. व्हॉयेजर यानाची गोष्ट तुला ठाऊक आहे का? व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबर १९७७ ला सुटलं. आपली आई तेव्हा परकर-पोलक्यात होती. २०२३ च्या नोव्हेंबरात ते निरर्थक बडबड करायला लागलं. माहितीची जुळणी करणाऱ्या त्याच्या कॉम्प्युटरमधली एक चिप गेली होती आणि स्मृतीचा सुमारे तीन टक्के भाग निकामी झाला होता. निरोप पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. त्या भागातला अख्खा प्रोग्रॅम एका जागी मावेल एवढी मोकळी स्मृतीही कुठे शिल्लक नव्हती. मग माणसांनी त्या प्रोग्रॅमचे तुकडे केले, जिथे चिमूटभर जागा तिथे एकेक बसवला, आणि एकमेकांकडे जाणारे पत्ते पुन्हा जुळवले. २०२४ च्या एप्रिलमध्ये यान पुन्हा शुद्धीवर येऊन बोलू लागलं. सत्तेचाळीस वर्षं होत आली होती तोवर. माझ्या मुलाला आणि तुला हे वाचून दाखवायचंच, असं मी तेव्हाच ठरवलं होतं.

यावरून तुझ्या नव्या फोनकडे येते, कारण तू नवा फोन घेणार आहेस, हेही आईने सांगितलंय. मेगापिक्सेल किती आणि रॅम किती, हे दुकानदार न विचारता सांगतो. तू विचारायचं ते असं: सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार? बॅटरी दमली की बदलून मिळते का, आणि किती रुपयांत? तुझ्या कॉलेजच्या गावात सर्व्हिस सेंटर आहे का, की पुण्याला धाडून तीन आठवडे वाट बघायची? तुझे नोट्स, हजेरी, पैसे, मेसचं कार्ड, सगळं त्या एका डबीत असणार. बिघडली तर काय, हा प्रश्न तिथेही विचार. कॅमेरा थोडा डावा घेतलास तरी चालेल, तसंही तू ताटांचेच फोटो काढतेस.

आता पैशाचं. रस्त्यांना खड्डे असताना चंद्रावर कशाला, असं मामा म्हणाला, आणि तू अमुक सिनेमाला याहून जास्त खर्च आला असं ऐकवलंस. तो मुद्दा सगळेच फेकतात, आणि त्याने खड्डे बुजत नाहीत. चंद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी. माणशी साडेचार रुपयेही पडत नाहीत. पण स्वस्त पडलं एवढीच त्याची थोरवी सांगू नकोस. २०१९ च्या सप्टेंबरात चंद्रयान-२ चं लँडर आपटलं, त्यानंतर इस्रोच्या लोकांनी काय केलं ते सांग. उतरायची जागा आधी ५०० मीटर गुणिले ५०० मीटर ठरवलेली होती, ती ४ किलोमीटर गुणिले २.४ किलोमीटर केली. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं. काय काय फसू शकेल याची यादी करून, ते ते फसलं तरी यान उतरेल अशी रचना केली. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ते उतरलं. यातलं काहीही ‘लाखपट’ नव्हतं. आणि हो, मामाची सारी नोकरी विक्रोळीत गेली ना? इस्रोच्या रॉकेटची विकास इंजिनं तिथेच गोदरेजच्या कारखान्यात घडतात. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बूस्टरचे अवजड भाग होतात. हे सांगितलंस की तो निम्मा तरी आपल्या बाजूला येईल. उरलेल्या निम्म्या मामाचं म्हणणं, म्हणजे पैसा कुठे जातो हे विचारायचा त्याचा हक्क, तो मान्य कर.

खोट्या मुद्द्याने मात्र खरी बाजू लढवू नकोस. नासाने टेफ्लॉन काढलं, वेल्क्रो काढलं, असं तू म्हणालीस म्हणे. टेफ्लॉन १९३८ चं, नासा जन्मायच्या वीस वर्षं आधीचं. वेल्क्रो एका स्विस माणसाचं. त्यापेक्षा मामाच्या फोनच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखव. त्यातला सेन्सर ज्या तऱ्हेचा आहे ती १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणली, कारण यानांसाठी लहान आणि कमी वीज खाणारे कॅमेरे हवे होते. खरी गोष्ट हाताशी असताना वेल्क्रो कशाला हवं?

चंद्रावर माणूस गेलाच नाही, फोटोत तारे कुठे दिसतात, असं तो बोलला तर वाद घालू नकोस. पौर्णिमेला त्याला गच्चीवर ने. त्याच्याच फोनवर एक्स्पोजर इतकं खाली आणायला लाव की चंद्रावरचे डाग दिसायला लागतील. मग त्याच फोटोत तारे शोधायला सांग. उन्हात उजळलेल्या जमिनीवर कॅमेरा लावला की हेच होतं, चंद्रावरही. तरीही नाही पटलं तर खाली येऊन आईस्क्रीम खा दोघं.

जेवताना हा विषय काढू नकोस. आईचा जीव टांगणीला लागतो. चहाच्या वेळी काढ, तेव्हा मामाला उठून जायची घाई नसते.

आणि २८ फेब्रुवारीला सुट्टी काढता आली तर बघ. त्या सुमाराला नारायणगावजवळ खोडदला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं. ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ डिश आहेत त्या परिसरात. २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापारेली यानाचा क्षीण आवाज याच डिशनी टिपला होता. यान नंतर आपटलं ते सोड. मामालाही घेऊ, गाडी त्याची. फक्त आधीच सांगून ठेव, आत फोन बंद ठेवावा लागतो.