माळ घालणारी आजी

आई-बाबांनो, आज तुमच्याशी गोष्टीतल्या एका आजीविषयी बोलायचं आहे. नातू तिला ‘अबुएला’ म्हणतो. स्पॅनिश बोलणाऱ्या घरांत आजीला अशीच हाक मारतात. जेसिका लव्ह यांच्या ‘हुलियान इज अ मर्मेड’ या २०१८ सालच्या चित्रपुस्तकात ती भेटते.

हुलियान आजीबरोबर मेट्रोने घरी निघालेला असतो. डब्यात जलपऱ्यांसारख्या नटलेल्या तीन बायका चढतात आणि पोरगा हरखून जातो. घरी आल्यावर आजी आंघोळीला जाते. तेवढ्यात हा कपडे उतरवतो, कुंडीतली पानं-फुलं डोक्याला बांधतो, ओठांना लिपस्टिक लावतो आणि खिडकीचा पडदा काढून त्याची शेपटी करतो. अगदी त्याच वेळी आजी टॉवेल गुंडाळून बाहेर येते.

मुलांना वाचून दाखवताना या पानावर जरा थांबा. आजीचा चेहरा गंभीर आहे. ती आत निघून जाते. हुलियान आरशात बघतो, आणि मघाशी खुललेला त्याचा चेहरा आता उतरलेला असतो. मग आजी कपडे करून परत येते. तिच्या हातात मण्यांची माळ असते. ती माळ ती नातवाला देते, त्याचा हात धरते आणि त्याला थेट जलपऱ्यांच्या मिरवणुकीत घेऊन जाते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला १९८३पासून अशी मिरवणूक निघू लागली, तिचीच आठवण ही चित्रं करून देतात.

हुलियान मोठेपणी कोण होणार, याबद्दल पुस्तकात चकार शब्द नाही. मला ही या पुस्तकाची सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. आपल्या घरात मुलाने आईची ओढणी गुंडाळली, टिकली लावली, की कुणी डोळे वटारतं, कुणी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतं, कुणी ‘हा तसा तर नाही ना’ म्हणून काळजीला लागतं. या आजीने यातलं काहीच केलं नाही. पोराचा आनंद तिने ओळखला आणि त्याला एकटं पडू दिलं नाही.

या पुस्तकाला २०१९ साली अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा स्टोनवॉल पुरस्कार मिळाला. पण लेखिका स्वतः हुलियानसारख्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांच्या, घरातल्या नाहीत, आणि बाहेरच्या नजरेने रंगवलेल्या या घराबद्दल काही समीक्षकांनी प्रश्नही विचारले. ते विचारायलाच हवेत. म्हणून त्या समाजातून आलेली पुस्तकंही तुम्ही हातात घ्यावीत असं मला मनापासून वाटतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या माया क्रिस्टिना गोन्झालेझ यांचं ‘कॉल मी ट्री’ हे इंग्रजी-स्पॅनिश पुस्तक २०१४ सालचं. एक मूल बीजातून रुजतं, झाड होऊन उभं राहतं. ते मुलगा आहे की मुलगी, हे कुठेही सांगितलेलं नाही. पुस्तकाच्या जाहिरातीतही ते येऊ नये, असा लेखिकेचा आग्रह होता. वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या झाडात स्वतःला बघता यावं, एवढीच त्यांची इच्छा.

त्याही आधी, २००५ साली, रिगोबेर्तो गोन्झालेस यांनी ‘अँटोनियोज कार्ड’ लिहिलं. अँटोनियोला शाळेतून घ्यायला येते ती लेस्ली, त्याच्या आईची जोडीदार. उंचीपुरी, अंगात रंगाने माखलेला ओव्हरऑल. वर्गातली मुलं तिला हसतात. मदर्स डेसाठी केलेलं शुभेच्छापत्र शाळेत सगळ्यांसमोर लागणार, या विचाराने अँटोनियोच्या पोटात गोळा येतो. ज्या माणसावर आपला जीव आहे, त्याची लाज वाटायला लागणं ही लहान मुलाच्या मनाची केवढी ओढाताण असते, ते इथे समजतं.

मुलं कॉलेजच्या उंबरठ्यावर असतील तर एडन थॉमस यांची २०२० सालची ‘सेमेटरी बॉइज’ ही कादंबरी स्वतः वाचा आणि त्यांनाही द्या. पूर्व लॉस एंजेलिसमधला यादरिएल हा ट्रान्स मुलगा. त्याच्या घराण्यात आत्म्यांना वाट दाखवण्याची विद्या पुरुषांकडे आणि बरं करण्याची स्त्रियांकडे. घरचे त्याच्यावर जीव टाकतात, पण मुलगा म्हणून दीक्षा द्यायला तयार होत नाहीत. शेवटी नात्यातल्या एका बहिणीला सोबत घेऊन तो स्वतःच तो विधी करतो. घरात माया असूनही मूल किती एकाकी असू शकतं, हे या कादंबरीने मला फार नेमकेपणाने दाखवलं. ‘आम्ही तुझ्यासाठी काय कमी केलं’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक आई-बापाने ती वाचावी.

अमेरिकेत अशा पुस्तकांवरून मोठे वाद झाले आहेत. मेरीलँडमधले काही पालक न्यायालयात गेले, आणि जून २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. अशी पुस्तकं वर्गात वाचली जात असताना आपल्या मुलाला त्यातून वगळण्याची मुभा त्यांना मिळाली. तिकडे राहणाऱ्या मराठी आई-बाबांपुढेही हा प्रश्न आज ना उद्या येणारच. त्यांना माझं सांगणं एवढंच, की निर्णय घेण्याआधी ते पुस्तक स्वतः वाचा. बहुतेक चित्रपुस्तकं दहा मिनिटांत वाचून होतात.

आणि मुलाने विचारलं, ‘आई, मुलगा जलपरी होऊ शकतो का?’, तर लगेच शिकवायला बसू नका. ‘तुला काय वाटतं?’ असं विचारा आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या. आपलं मूल अशा कुणाला हसत असेल, तर मात्र तिथल्या तिथे थांबवा. तुमचं मूल हुलियानसारखं असेल किंवा नसेलही. पण त्याच्या वर्गात, सोसायटीत, नात्यात असं एखादं मूल असणारच, आणि आपलं घर सुरक्षित आहे की नाही, हे ते मोठ्यांच्या चेहऱ्यावरूनच ठरवतं. तो चेहरा आपला आहे, तेव्हा त्याची जबाबदारीही आपणच घेऊ या.