लेकराची कला, देवाची देणगी

वाचन : निर्गम ३१:१-६; मार्क १:९-११



शाळांतून चित्रकलेच्या स्पर्धा आणि हस्तकलेची प्रदर्शने सुरू झाली की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आम्हाला मोबाइलवर फोटो दाखवले जातात. "फादर, हे बघा, आमच्या धाकटीने काढलंय!" आईबापांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद पाहून आमचेही मन भरून येते. मात्र कोणी हळूच विचारतात, "फादर, हा गर्व तर नाही ना?" प्रश्न चांगला आहे. गर्व हे सात प्रमुख पापांपैकी एक, असे आपण धर्मशिक्षणात शिकलो आहोत. मग मुलाच्या कौतुकाचे काय?

या दोहोंत फरक आहे. चांगला अभिमान देवाचे आभार मानतो. गर्व मालकी सांगतो. आपले पाऊल कुठे पडते, हे ओळखण्यासाठी स्वतःला चार प्रश्न विचारू या.

१. देणगी कोणाची?
रानातून चाललेल्या इस्राएल लोकांना देवासाठी निवासमंडप उभारायचा होता. त्यासाठी देवाने बसालेल नावाच्या कारागिराला नावाने बोलावले आणि आपल्या आत्म्याने भरले. कशासाठी? सोने-रुपे घडवण्यासाठी, रत्ने कोरण्यासाठी, लाकूड कोरण्यासाठी! म्हणजे हाताचे कसब हीसुद्धा पवित्र आत्म्याची देणगी आहे. शिवाय देवाने त्याच्या सोबतीला अहलियाब दिला. एकट्याचा उदोउदो केला नाही. आपल्या मुलाची कला आपल्या घरात आली आहे, पण ती आपली कमाई नव्हे.

२. हात कोणाचा?
उद्या प्रोजेक्ट द्यायचा म्हणून रात्री अकरापर्यंत आईबाबा थर्मोकोल कापत बसतात आणि मूल झोपी जाते. प्रदर्शनात पहिला नंबर येतो, पण तो कोणाचा? मुलाला ठाऊक असते. "माझे वेडेवाकडे चालत नाही" हा धडा ते मुकाट्याने शिकते. काही मुले मग रंगाच्या पेटीला हातच लावत नाहीत.

संत थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली आहे. वैद्य आरोग्य बाहेरून आत भरत नाही. शरीरात बरे होण्याची शक्ती असतेच, तिला तो हातभार लावतो. शिकवणेही तसेच.

हे तत्त्व आपल्याच पश्चिम रेल्वेच्या वाटेवर, डहाणूपलीकडे बोर्डीला, प्रत्यक्ष घडलेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तिथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून आला. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये वाढले. मारिया माँटेसरी या कॅथलिक डॉक्टरबाईंची बालशिक्षणपद्धती ताराबाईंनी अभ्यासली होती. पण महागडी साधने परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने झाली. उत्तन-पालीच्या किनाऱ्यावर शिंपल्यांना काय तोटा? आणि मीरा रोडच्या इमारतीतल्या घरातही जुनी वर्तमानपत्रे असतातच.

३. डोळा कोणाचा?
समजा, मुलाने नाताळच्या चित्रात गोठ्याऐवजी मच्छीमारांची होडी काढली आणि पवित्र मरियेला लुगडे नेसवले. आपण पटकन म्हणतो, "असे नसते, पुसून टाक." जरा थांबा. गोव्यात १९०२ साली जन्मलेले कॅथलिक चित्रकार अँजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकले. त्यांनी मरियेला भारतीय स्त्रीच्या रूपात, साडीत रंगवले. गोव्यात त्यांच्यावर टीका झाली. पण पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी आपले काम चालू ठेवले. १९६७ साली ते वारले. आज ख्रिस्ती कलेत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. तेव्हा मुलाला आधी विचारा, "तुला यात काय दिसले?" कदाचित ते आपल्यालाच शुभवर्तमान सांगत असेल : येशू आपल्याही वस्तीत जन्माला येतो.

४. प्रेम कशावर?
हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. यार्देन नदीत बाप्तिस्मा घेताना येशूने पित्याचा आवाज ऐकला : तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्यावर मी प्रसन्न आहे. तोवर मार्कच्या शुभवर्तमानात येशूने एकही चमत्कार केलेला नाही, एकही प्रवचन दिलेले नाही. पित्याचे प्रेम आधी, काम नंतर.

आपल्या घरी हा क्रम उलटतो का? बक्षीस आणले त्या दिवशी मिठी, आणि रिकाम्या हाताने आले त्या दिवशी "शेजारची बघ कशी काढते"? मग मूल चित्र आनंदासाठी काढत नाही, आपल्या मिठीसाठी काढू लागते. आणि ज्या भावंडाला चित्र जमत नाही, ते कोपऱ्यातून सारे पाहत असते.

या आठवड्यात घरी करून पाहा
- मुलाच्या कामाला हात लावू नका, शेजारी बसा.
- "छान" म्हणून मोकळे होऊ नका; चित्राबद्दल एक प्रश्न विचारा.
- फोटो इतरांना पाठवण्याआधी मुलाला विचारा.
- स्पर्धेत नंबर न आलेले एक चित्र घरातल्या वेदीजवळ लावा आणि रात्रीच्या रोझरीनंतर त्यासाठी देवाचे आभार माना.
- चित्र न काढणाऱ्या भावंडाचीही एखादी देणगी त्याच वेळी नावाने सांगा.

प्रार्थना
हे निर्माणकर्त्या पित्या, आमच्या लेकरांच्या इवल्या हातांत तू जे ठेवले आहेस ते ओळखण्याची दृष्टी आम्हाला दे. कौतुक करताना आम्हाला नम्र ठेव, आणि ती हरली तरी ती तुझी व आमची लाडकी आहेत हे त्यांना आमच्या वागण्यातून कळू दे. आमेन.