निराश्रिताची इत्तला कोणास द्यावी?

प्रश्न : ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात एक भ्रमिष्ट गृहस्थ थंडीत फुटपाथावर पडून असतात. त्यांना थेट आश्रमात पोहोचवावे काय?

उत्तर : नोव्हेंबर २०२० मध्ये मतमोजणीच्या रात्री ग्वाल्हेरातच दोन पोलीस उपअधीक्षकांनी कुडकुडणाऱ्या ज्या भिकाऱ्यास जोडे व जाकीट दिले, त्याने त्यांना नावाने हाक मारली, आणि तो त्यांच्याच तुकडीतला माजी फौजदार निघाला, पुढे त्यास स्वर्ग सदन आश्रमाने आश्रय दिला. अशा संस्था स्नान, क्षौर, अन्न, औषध पुरवितात आणि आप्तांचा शोधही घेतात. तथापि आपण परस्पर उचलून नेऊ नये. आधी ठाण्यात इत्तला द्यावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, याच्या कलम १०० अन्वये अशा मनुष्यास संरक्षणाखाली घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात हजर करणे हे पोलिसांचे कर्तव्य असून त्यास कोठडीत ठेवण्याची सक्त मनाई आहे. ठाणेदार टाळाटाळ करू लागल्यास (आणि पुष्कळदा करतात) अर्ज लेखी द्यावा व पोच मागावी. निराधार कुटुंबाची गोष्ट निराळी. त्यांनी महापालिकेच्या रैनबसेऱ्याकडे (रात्रनिवाऱ्याकडे) जावे. ओळखीच्या कागदाअभावी कोणी अडविल्यास वर सांगितलेल्यासारख्या एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता सोबत न्यावा.