ओलाव्यातही तहानलेले पीक : मुळांचे पेशीपटल आणि जमिनीतील क्षार

कालव्याच्या क्षेत्रांत जमिनीत पुरेशी ओल असूनही पीक मलूल दिसते, वाढ खुंटते. मग पाण्याची पाळी वाढवली जाते किंवा युरियाची जादा मात्रा दिली जाते. जमीन क्षारयुक्त असेल, तर हे दोन्ही उपाय हानिकारक ठरू शकतात. त्याचे कारण मुळांच्या पेशीपटलाच्या कार्यात आहे.

पेशीपटल म्हणजे मेदद्रव्यांचा दुहेरी थर व त्यात रुतलेली प्रथिने. पाणी या पटलातून मुख्यतः अ‍ॅक्वापोरिन या प्रथिनांच्या सूक्ष्म मार्गांनी वेगाने जाते. या मार्गांच्या शोधाबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाण्याचा प्रवाह मात्र विद्राव्य पदार्थ कमी असलेल्या बाजूकडून अधिक असलेल्या बाजूकडे असतो. यालाच परासरण म्हणतात. मृदाद्रावणात क्षार वाढले की हा फरक घटतो आणि पाणी समोर असूनही मुळांना ते शोषणे कठीण जाते. युरियाची अतिरिक्त मात्राही द्रावणाची संहती वाढवते.

नायट्रेट, पालाश यांसारखे प्रभारित आयन मेदथर ओलांडू शकत नाहीत; त्यांना विशिष्ट वाहक प्रथिने लागतात. हे वहन चालू ठेवण्यासाठी पेशी श्वसनातून मिळालेली ऊर्जा खर्च करते. म्हणूनच पाणी साचून मुळांना ऑक्सिजन मिळेनासा झाला की जमिनीत अन्नद्रव्ये असूनही पिवळेपणा येतो. आत शिरलेले सोडियम बाहेर टाकणे किंवा रिक्तिकेत साठवणे, यासाठीही ऊर्जा लागते. सोडियमचे असे नियंत्रण क्षारसहनशील वाणांत अधिक प्रभावी असते.

शिफारस करण्यापूर्वी माती परीक्षण करावे. संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक असल्यास जमीन क्षारयुक्त समजतात. तेथे प्रथम निचऱ्याची सोय करावी व नंतर चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत. निचऱ्याविना दिलेले पाणी भूजल वर आणते व क्षार पुन्हा पृष्ठभागी साचतात. जिप्सम हा चोपण जमिनीचा उपाय आहे. केवळ क्षारयुक्त जमिनीत त्यावरील खर्च वाया जातो. गव्हासाठी कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने विकसित केलेल्या केआरएल २१० सारख्या सहनशील वाणाचा, तो आपल्या विभागासाठी शिफारशीत असल्यास, विचार करावा.