इतिहासात आपले गाव



आपली मुले चौथीच्या वर्गात शिवरायांचा इतिहास शिकत आली आहेत. त्यात आपला मुलूख ठायी ठायी भेटतो. रायरेश्वर आणि रोहिडा भोरकडचे. तोरणा आणि राजगड वेल्ह्याकडचे. राजगडावर स्वराज्याची राजधानी सुमारे पंचवीस वर्षे होती. हे वाचून पोराची छाती फुगते. फुगायलाच हवी.

पण पुढे काय होते? राजधानी रायगडला जाते आणि पुस्तकही तिच्यामागून जाते. मग आपली माणसे पुढे तीनशे वर्षे काय करत होती? भोरला पंतसचिवांचे संस्थान होते. सन १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले. एवढी मोठी गोष्ट, पण किती मुलांना ती सांगता येईल?

धरणांचेही तसेच. वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे. आजचे मोठे धरण इंग्रजी अमलात, सन १९२८ च्या सुमारास पुरे झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे जाते. तिकडे ऊस पिकला. पण इथे कोणाची शेते बुडाली, ती माणसे कुठे गेली, हे पुस्तकात नाही.

पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. पुण्यात हाहाकार झाला. ते सगळे सांगतात. पण त्या धरणापायी आंबी नदीकाठची जी घरे उठली, त्यांची आठवण कोण काढतो? शेजारच्या वरसगावच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचे नाव दिले आहे. नाव मानाचे आहे. पण बाजींच्या मोसे खोऱ्यातलीच जमीन त्या पाण्याखाली आहे!

असे का होते? एक तर पुस्तकाची पाने थोडी आणि राज्य मोठे. दुसरे म्हणजे, इतिहास कागद पाहून लिहितात. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात जुन्या नोंदी होत्या. त्यांना जेधे शकावली म्हणतात. लोकमान्य टिळकांनी ती सन १९१६ मध्ये छापली. शिवरायांची जन्मतिथी ठरवायला ती फार उपयोगी पडली. आपल्या भोरच्या एका घरातल्या कागदाने केवढे काम केले पाहा! गडाचे दगड घडवणाऱ्या पाथरवटांकडे असा कागद नव्हता. म्हणून त्यांची नावे गेली.

आता अक्षर आपल्याही हाती आले आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. आजीलाही विचारा. जुने घर कुठे होते, गाव कधी उठले, कोण कुठे गेले, ते वहीत लिहा. पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळे लिहा. सांगणाऱ्याचे नाव घाला. ही माणसे गेली की विचारायचे कोणाला? वही झाली की शाळेतल्या गुरुजींना दाखवा. मुलांना वाचून दाखवा.

प्रश्न

१. भोर संस्थान कधी विलीन झाले?
२. जेधे शकावलीचा काय उपयोग झाला?
३. तुमच्या गावची पुस्तकात नसलेली एक गोष्ट पाच ओळींत लिहा.